सुट्टीतला निवांत चहा: पान, पाणी, वेळ आणि भांडं

आधण

सुट्टीच्या दिवशी चहा दोन प्रकारे होतो. एक रोजचाच, फक्त जास्त वेळा. दुसऱ्याला मुळात सुट्टीच लागते. त्यात पान मोजून घ्यायचं, पाणी निवायची वाट बघायची, त्याच पानावर चार-पाच वेळा पाणी घालायचं आणि प्रत्येक कप आधीच्यापेक्षा वेगळा का लागतोय हे चाखत बसायचं. हा धागा दुसऱ्या प्रकारासाठी.

आधी एक फरक. पान पाण्यात घालून उकळणं म्हणजे काढा. आपल्याला करायचा आहे फांट, म्हणजे पानावर गरम पाणी ओतायचं, झाकायचं, ठरल्या वेळी गाळायचं. बारीक दाणेदार सीटीसी चहा उकळायलाच बरा. यंत्राच्या रुळांमध्ये पान चिरडून, फाडून, वळून केलेली ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात आली. तिचा उद्देशच मुळी झटपट आणि कडक रंग हा. फांटाला अख्खं किंवा मोठं तुटलेलं पान लागतं.

प्रमाण: २०० मिली पाण्याला २ ते २.५ ग्रॅम. चमच्यावर भरवसा ठेवू नका. गोळीसारखा घट्ट वळलेला ऊलाँग (हिरवा आणि काळा यांच्या मधला चहा) एका सपाट चमच्यात ३ ग्रॅमच्या वर बसतो, आणि फुललेल्या पानांचा पांढरा चहा त्याच चमच्यात १ ग्रॅमसुद्धा भरत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा असला की निम्मी भांडणं मिटतात.

तापमान आणि वेळ (२०० मिलीच्या हिशेबाने):

जपानी हिरवा (सेंचा) ७० ते ७५ अंश, १ ते दीड मिनिट. चिनी हिरवा ७५ ते ८०, २ मिनिटं. पांढरा ८० ते ८५, ४ मिनिटं. ऊलाँग ९० ते ९५, ३ मिनिटं. काळा ९५ च्या वर, ३ ते ४ मिनिटं. पु-अर (मुरवलेला चिनी चहा) थेट उकळत्या पाण्याने. दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीचा चहा नावाला काळा असला तरी तो ८५ ते ९० ला करा, ९५ ला तुरट होतो.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. तुरटपणा आणणारी कॅटेचिनं, तसंच कॅफीन, पाणी जितकं गरम तितकी भराभर उतरतात. गोडसर, रसाळ चव देणारी अमिनो आम्लं, त्यातलं मुख्य थिॲनिन, कोमटाच्या थोड्या वरच्या पाण्यातही सहज उतरतात. म्हणून तोच सेंचा ७० ला गोड आणि ९५ ला कडू. पान खराब नसतं, पाणी खराब असतं.

आणि सुट्टीच्या संदर्भात सगळ्यात महत्त्वाचं: कॅफीन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात (माणसागणिक कमीजास्त). संध्याकाळी सहाच्या कपातलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. तेव्हा सकाळी काळा किंवा ऊलाँग, दुपारपर्यंत हिरवा किंवा पांढरा, तिन्हीसांजेनंतर चहाचं पान बंद. निवांतपणासाठी चहा प्यायचा आणि मध्यरात्री आढ्याकडे बघत पडायचं, यात काय हशील?

बोला.

बिनसाखर

धागा छान. पण थर्मामीटर नसेल तर ७० आणि ८० ओळखायचे कसे? बुडबुडे बघून सांगणारे बरेच भेटतात, पण प्रत्येकाचे बुडबुडे वेगळे.

तिसरी_वाफ

बुडबुड्यांचा नाद सोडा, गणित करा. उकळतं पाणी १०० अंश धरा, साधं पाणी २० किंवा ३०, आणि मिसळा.

तीन भाग उकळतं, एक भाग २० अंशाचं: (३०० + २०) ÷ ४ = ८०. चिनी हिरवा झाला.

पाच भाग उकळतं, तीन भाग २० अंशाचं: (५०० + ६०) ÷ ८ = ७०. सेंचा झाला.

उन्हाळ्यात साधं पाणी ३० अंशाचं असेल तर पहिल्या मिश्रणाचं ८२ च्या आसपास येतं. तेवढ्याने चिनी हिरव्याचं फारसं बिघडत नाही. सेंचाला मात्र गार पाण्याचा भाग थोडा वाढवा. दोन पथ्यं आहेत. थंड पाणी पिण्यायोग्य, म्हणजे गाळलेलं किंवा आधी उकळून निववलेलं हवं. आणि मिसळायचं ते आधी ऊन पाणी फिरवून घेतलेल्या वेगळ्या भांड्यात, पानावर नाही. पानावर आधी उकळतं आणि मग गार ओतलं तर पहिल्या पाच सेकंदांत जे व्हायचं ते होऊन जातं.

दुसरी युक्ती ओतण्याची. उकळतं पाणी एका गार चिनी मातीच्या भांड्यात ओतलं की ५ ते १० अंश उतरतं. जाड बुडाचं भांडं जास्त खातं, पातळ कमी. त्या भांड्यातून दुसऱ्यात, तिथून पानावर. जपानात यासाठी चोचीचं वेगळं भांडंच असतं.

याचीच उलटी बाजू लोक विसरतात. काळ्या चहाची किटली गरम करून न घेता उकळतं पाणी ओतलं तर पानाला ९५ कधी मिळतच नाही, जाड किटलीत सुरुवातच ८५ च्या घरात होते. मग 'चहा फिका आला' म्हणून पान वाढवतात. पान वाढवू नका. आधी किटलीत उकळतं पाणी ओता, अर्धं मिनिट फिरवा, फेका, मग पान घाला.

कषाय

+१. आणि किटली गरम केल्यावर त्याच ओलसर ऊबेत पान घालून झाकण लावून अर्धं मिनिट थांबा, मग उघडून वास घ्या. कोरड्या डब्यात जो वास येत नाही तो इथे येतो. पान जुनं झालंय का, हे कळायची सगळ्यात स्वस्त परीक्षा. जुनं पान पुठ्ठ्यासारखं वासतं.

लोळपाट

सगळं वाचलं. काटा, गणित, भांड्यातून भांड्यात. हलकेच घ्या, पण याला आराम म्हणायचं की प्रयोगशाळा? सुट्टीच्या दिवशी एवढा खटाटोप करण्यापेक्षा झोप बरी.

आधण

लोळपाट, तुमच्यासाठीच एक पद्धत आहे, आणि ती कमअस्सल अजिबात नाही. चीनमध्ये माणसं दिवसभर तसाच चहा पितात. उंच काचेचा पेला, २५० मिली. त्यात १.५ ग्रॅम पान, त्याहून जास्त नाही. ८० अंशाचं पाणी आधी एक तृतीयांश भरा, पान भिजू द्या, मिनिटभराने उरलेलं. गाळायचं नाही. पान तरंगतं, मग एकेक करून बुडी मारतं. बहुतेक पान तळाला गेलं की प्यायला सुरुवात करा. पेला रिकामा करायचा नाही. तिसरा हिस्सा उरला की पुन्हा पाणी. तळाचं उरलेलं कडक पाणी पुढच्या पेल्याचं विरजण. अशी तीन-चार पाणी निघतात.

चुकतं कुठे? लोक नेहमीच्या मापाने ३ ग्रॅम टाकतात आणि पाच मिनिटांत कडू जहर होतं. पान कमी घेतलं की वेळेचा हिशेब सुटतो, घड्याळ बघावंच लागत नाही. दुसरं, तुटका किंवा चुऱ्याचा चहा इथे चालत नाही. तो तळाला बसत नाही, ओठाला लागतो, आणि अर्क एका दमात सोडतो. लोंगजिंगसारखं (चिनी हिरवा) चपटं अख्खं पान, मोठ्या पानाचा पांढरा चहा, हलका ऊलाँग हे उत्तम.

लोळपाट

हे जमेल. खाटेवरून न उठता होईल असं काही?

तिसरी_वाफ

रात्री फ्रिजात लावून ठेवा. एक लिटर गार पाणी, ८ ते १० ग्रॅम पान, झाकणाची काचेची बाटली, ६ ते १० तास. सकाळी गाळा. हिरव्याला ६ तास पुरतात, ऊलाँग आणि काळ्याला ८ च्या पुढे. गार पाण्यात कॅटेचिनं आणि कॅफीन दोन्ही कमी उतरतात, त्यामुळे विसरून दोन तास जास्त राहिला तरी कडू होत नाही. आळशी माणसाला एवढी माफी दुसरा कुठलाच चहा देत नाही. गाळल्यावर फ्रिजातच ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

बाटली उन्हात ठेवून 'सूर्यचहा' करायचा प्रकार मात्र नको. उन्हात पाणी ४०-५० अंशांवर तासन्‌तास रेंगाळतं. पानावरचे जंतू मरावेत इतकं ते गरम नसतं, पण वाढावेत इतकं उबदार असतं.

पानगळ

गरम करून बर्फावर ओतलेला चहा ढगाळ होतो, फ्रिजातला होत नाही. पान तेच, पाणी तेच. असे का होते?

कषाय

काळ्या चहातली पॉलिफेनॉलं (रंग आणि तुरटपणा देणारे घटक) आणि कॅफीन गरम पाण्यात सुटी राहतात, थंड होताना एकमेकांना धरतात आणि बारीक कणांचा गढूळपणा येतो. चहावाले त्याला चहाची साय म्हणतात, दुधाशी संबंध नाही. कडक आणि चांगल्या काळ्या चहात ती जास्त दिसते, म्हणजे दोष नव्हे. परत गरम केलात की नितळ. फ्रिजातल्यात दोन्ही घटक मुळातच कमी उतरलेले असतात, म्हणून तो स्वच्छ राहतो.

बर्फावरच हवा असेल तर पान तेवढंच घ्या, पाणी निम्मं, आणि बर्फ उरलेल्या निम्म्या पाण्याच्या वजनाएवढा. म्हणजे १०० मिली पाण्यात २.५ ग्रॅम, ३ मिनिटं, गाळून १०० ग्रॅम बर्फावर. ढग येईल, पण चव पातळ होणार नाही.

दोन_बोटं

गैवानबद्दल विचारायचं होतं. झाकण असलेली ती बिनकानाची वाटी. बोटं भाजतात, पाणी बशीत सांडतं, आणि पान कपात येतं. तीनही एकाच वेळी.

आधण

तीनही गोष्टींचं मूळ बहुतेक एकच: वाटी काठोकाठ भरलेली.

गैवानचा काठ बाहेर वळलेला असतो. तो भाग पाण्याला लागला नाही तरच गार राहतो, आणि धरायची तीच जागा. वळणाच्या खाली अर्धा सेंटिमीटर पाणी थांबवा. १२० मिलीच्या गैवानात ९० ते १०० मिलीच पाणी, हे पक्कं.

आता पकड. अंगठा काठाच्या एका बाजूला, मधलं बोट समोरच्या बाजूला, दोन्ही फक्त काठावर, पोटाला स्पर्श नाही. तर्जनी झाकणाच्या बोंडावर, वाकवून. ओतायच्या आधी झाकण थोडं तिरकं सरकवा, म्हणजे ओतायच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरची फट पडेल. फट मोठी झाली की पान कपात येतं, लहान झाली की पाणी अडतं आणि मागच्या बाजूने बोटांवर येतं.

मग वाटी एका दमात पूर्ण आडवी करा. इथे सगळे घाबरतात आणि हळूहळू ओततात. हळू ओतलं की वाफ फटीतून वर बोटांवर येते आणि धार वाटीच्या पोटावरून घसरते. जोरात आणि सरळ खाली ओतायचं, चार-पाच सेकंदांत रिकामी. शेवटचा थेंबसुद्धा निथळू द्या. तळाला राहिलेलं चमचाभर पाणी पानाला मुरवत राहतं आणि पुढचा कप कडू करतं.

गार पाण्याने वीसेक वेळा करून बघा, हात बसतो. आणि विकत घेताना जाडजूड, सरळ काठाची घेऊ नका. काठ रुंद पसरलेला, भिंत पातळ, माप १०० मिलीच्या आसपास. मोठं गैवान जड होतं आणि नवख्याच्या बोटांना झेपत नाही.

दोन_बोटं

भावना पोहोचल्या. काठाचं कारण कळलं. आता पानाचं प्रमाण? २०० ला २ ग्रॅमच का?

कषाय

नाही, इथे हिशेबच उलटा. पान खूप, पाणी थोडे, वेळ सेकंदांत. १०० मिलीला ५ ग्रॅम. ऊलाँगसाठी ९५ अंश, पहिले पाणी २० सेकंद, दुसरे १५ (तोवर पान उघडलेले असते), तिसरे २०, पुढे दरवेळी ५ ते १० सेकंद वाढवत जायचे. चांगले पान सहा-सात पाणी सहज देते. पु-अरच्या दाबलेल्या वडीला आधी उकळत्या पाण्याने पाच सेकंद धुवून ते पाणी टाकून द्यायचे, म्हणजे वडी सुटते.

कडू आले तर पुढचे पाणी पाच सेकंदांनी कमी करा, पान काढू नका. फिके आले तर वेळ वाढवा, तेच पाणी पानावर परत परत ओतू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय सुधारले ते कळत नाही.

एक इशारा: छोटे कप आहेत म्हणून चहा थोडा होतो असे समजू नका. ५ ग्रॅम पान सहा-सात पाण्यांत जवळजवळ सगळे कॅफीन देऊन टाकते. म्हणजे ही एक बैठक साध्या दोन-तीन कपांच्या बरोबरीची. दुपारी चारनंतर सुरू करू नये हे माझे मत.

बिनसाखर

पहिल्या तीस सेकंदांचं पाणी फेकलं की कॅफीन निघून जातं असं सगळीकडे वाचायला मिळतं. तसं केलं तर संध्याकाळी चालेल?

कषाय

नाही. तीस सेकंदांत कॅफीनचा छोटा भागच निघतो, बहुतांश पानातच राहतो. चव आणि सुगंध मात्र फेकला जातो. संध्याकाळी हवाच असेल तर होजिचा घ्या. भाजलेला जपानी हिरवा, कॅफीन कमी, कडवटपणा जवळपास नाही, आणि उकळत्या पाण्यात टाकला तरी रागावत नाही.

पानगळ

संध्याकाळसाठी चहाचे पान नसलेले काही सुचवा.

तिसरी_वाफ

कॅमोमाइल: २ ते ३ ग्रॅम सुकी फुलं, २०० मिली उकळतं पाणी, ५ ते ७ मिनिटं, झाकून. झाकण महत्त्वाचं. वास ज्या तेलात असतो ते वाफेबरोबर उडतं. कप उघडताना झाकणाच्या आतले थेंब परत कपात झटका. शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल त्यांनी टाळावं.

रूइबॉस: दक्षिण आफ्रिकेतलं झुडूप, कॅफीन नाही, टॅनिन कमी. ३ ग्रॅम, उकळतं पाणी, ६-७ मिनिटं, विसरलात तरी कडू होत नाही.

पुदिना छान, पण छातीत जळजळ होणाऱ्यांनी जेवणानंतर लगेच घेऊ नये. अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाचा स्नायू तो सैल करतो आणि आम्ल वर येतं. ज्येष्ठमध गोड लागतो म्हणून रोज कप कप पिऊ नका, रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर जास्वंदीच्या पाकळ्यांचा लाल फांट रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण तो स्वतःच रक्तदाब थोडा खाली आणतो.

लोळपाट

दुधाच्या चहाला या धाग्यात प्रवेश आहे का, की दारातूनच परत?

आधण

:) आहे, एका अटीवर. आलं घातल्यावर दूध फाटतं ही तक्रार घेऊन येऊ नका, उत्तर आत्ताच देतो. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एंझाइम असतं. ते दुधातल्या प्रथिनांना धरतं आणि दूध नासतं. म्हणून आलं आधी पाण्यात घालून चांगली दोन-तीन मिनिटं उकळायचं, एंझाइम मरतं. मग पत्ती, मग दूध. तरीही फाटलं तर दोष आल्याचा नाही, दूध आधीच उतरणीला लागलेलं होतं.

आणि फांटाच्या काळ्या चहात दूध घालायचं तर पान गाळल्यावर. पान आणि दूध एकत्र राहिलं की मुरण्याचा अंदाज चुकतो.

पानगळ

माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा कुणी काढलाच नाही. पाणी. काळा चहा कपात दहा मिनिटे राहिला की वर तेलकट, तडे गेलेला तवंग येतो आणि कपाला तपकिरी कडे चिकटते. पानातले तेल म्हणून लोक सोडून देतात.

तिसरी_वाफ

तेल नाही ते. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, वर हवा, आणि चहातली पॉलिफेनॉलं, यांचं मिळून पापुद्र्यासारखं पटल बनतं. परीक्षा सोपी आहे. दोन कप करा, एक नळाच्या पाण्याचा, एक कमी क्षाराच्या गाळलेल्या पाण्याचा. पान, वजन, वेळ सारखी. दहा मिनिटं ठेवून उजेडात तिरके धरून बघा. एकावर पटल, दुसरा स्वच्छ. नुसतं दिसण्याचं नाही, जड पाण्यात चहा गडद आणि बोथट होतो, वरचा सुगंध दबतो.

लिंबाचे चार थेंब टाकले तर पटल नाहीसं होतं, कारण सिट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं. त्याचबरोबर रंग उतरून पिवळसर होतो. चहा पातळ झाला म्हणून नव्हे, आम्लात त्या रंगद्रव्यांचा रंगच बदलतो.

दुसऱ्या टोकाला जाऊ नका. क्षार पूर्ण काढलेल्या पाण्याचा चहा सपक आणि काहीसा टोकदार लागतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या पाण्याचं टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ५० ते १५० च्या दरम्यान असेल तर चहा बरा जमतो. यंत्राचं पाणी १०-२० वर आलं असेल तर त्यात पाव हिस्सा नळाचं गाळून-उकळून निववलेलं मिसळून बघा.

अवांतर: 'पाणी पुन्हा उकळलं की प्राणवायू जातो आणि चहा मरतो' यात दम नाही. पहिल्या उकळीतच विरघळलेली हवा बहुतेक निघून जाते. दुसऱ्या उकळीत नवीन काही मरत नाही.

दोन_बोटं

इलेक्ट्रिक किटलीच्या तळाला पांढरा थर आहे तो याच क्षारांचा ना?

तिसरी_वाफ

हो. अर्धी किटली पाणी, एक मोठा चमचा सायट्रिक आम्ल (लिंबूसत्व), उकळी आणून वीस मिनिटं ठेवा, फेका, दोनदा साधं पाणी उकळून टाका. घासणी लावू नका. ओरखड्यांत थर परत लवकर धरतो.

बिनसाखर

सुट्टीत उंचावरच्या गावी गेलं की घरचाच चहा तिथे फिका होतो. हवा की पाणी?

कषाय

हवेचा दाब. दर ३०० मीटर चढले की पाणी साधारण एक अंश आधी उकळते. १५०० मीटरवर उकळीच ९५ अंशांना, ३००० मीटरवर ९० च्या आसपास. किटलीत ओतेपर्यंत आणखी खाली. पाणी कितीही वेळ खदखदू दिले तरी तापमान वाढणार नाही, इंधन तेवढे जाईल.

उपाय: किटली दोनदा गरम करून घ्या, वेळ एक-दीड मिनिटाने वाढवा, आणि अख्ख्या पानाऐवजी थोडे तुटके पान न्या, ते कमी तापमानातही भराभर उतरते. किंवा सरळ हिरवा, पांढरा, हलका ऊलाँग न्या. त्यांना ९० पुरेसे आहे.

प्रवासात थर्मासमध्ये चहा भरून नेऊ नये, उकळते पाणी न्यावे आणि पान वेगळ्या डबीत. चहा तीन तास ८० अंशांवर राहिला की पान काढलेले असले तरी शिळा, शिजल्यासारखा लागतो. पान आत असेल तर बोलायलाच नको. एकेका कपाचे २ ग्रॅम पान घरीच कागदाच्या पुड्यांत मोजून ठेवले की काटा न्यावा लागत नाही. आणि ज्या थर्मासमध्ये कधी कॉफी गेली आहे तो नको. झाकणाचे रबर वास सोडत नाही. रबर काढून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, तरी राहिला तर रबरच बदला.

पानगळ

साठवणीबद्दल दोन ओळी कुणी लिहाल?

आधण

उजेड, हवा, ओल, परका वास, हे चार शत्रू. घट्ट झाकणाचा अपारदर्शक डबा, शेगडीपासून आणि मसाल्यांपासून लांब. काचेची बरणी दिसते छान, चहा मारते. हिरवा सहा महिने ते वर्षभरात संपवा, काळा दोन वर्षंही टिकतो. हिरवा फ्रिजात ठेवायचा तर सीलबंदच, आणि बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचं नाही. नाहीतर गार पानावर दव धरतं आणि आठवड्यात सगळा चहा बसतो.

तिसरी_वाफ

दोन गोष्टी राहून जाऊ नयेत म्हणून. एक, ओठ भाजेल इतका गरम पिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांवरची अतिगरम पेयं 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली, दोष पेयाचा नाही, तापमानाचा. तसंही ५५-६० ला चव जास्त कळते, त्याहून गरम असेल तर जीभ फक्त उष्णता नोंदवते. दोन, जेवणाबरोबर चहा नको. अन्नातलं, विशेषतः डाळी-भाज्यांतलं लोह चहातल्या पॉलिफेनॉलांमुळे कमी शोषलं जातं. जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा. रक्तात लोह कमी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

आणि कॅफीनची मर्यादा: युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिलीग्रॅम, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्यांना २०० पर्यंत चालतं असं मत दिलं. २०० मिली काळ्या चहात साधारण ३० ते ५० असतं. २ ग्रॅम माचात (जपानी हिरव्या चहाची बारीक पूड) त्याहून जास्त, कारण तिथे पानच पोटात जातं.

लोळपाट

माचाचं नाव निघालंच आहे तर, गुठळ्या का होतात?

कषाय

न चाळल्याने. इतकी बारीक पूड एकमेकींना चिकटते आणि पाणी आत शिरत नाही. २ ग्रॅम बारीक चाळणीतून थेट वाडग्यात, आधी चमचाभर पाण्यात खळीसारखी कालवा, मग ८० अंशाचे ६०-७० मिली. बांबूची घुसळणी आधी मिनिटभर ऊन पाण्यात भिजवा, कोरडे दात तुटतात. गोल फिरवू नका, मनगटाने मागेपुढे, तळाला न घासता. पंधरा-वीस सेकंदांत बारीक फेस येतो.

दोन_बोटं

शेवटचा प्रश्न. दुपारी दोन पाणी काढून जेवायला उठलं तर त्याच पानावर संध्याकाळी चालेल?

आधण

त्याच दिवशी तीन-चार तासांनी चालतं, पण पूर्ण निथळून, झाकण किंचित उघडं ठेवून. झाकून ठेवलेलं गरम ओलं पान उबेने आंबतं. परत सुरू करताना उकळत्या पाण्याने एकदा झटकन धुवून ते टाका, पुढची वेळ थोडी वाढवा. आंबूस वास आला तर पान कुंडीत. रात्रभराचं पान नकोच.

बिनसाखर

आणि किटलीची चोच? ओतून झालं की एक थेंब चोचीखालून घसरत टेबलावर जातो. प्रत्येक किटलीला हाच रोग.

तिसरी_वाफ

हळू ओतताना पाणी चोचीच्या ओठाला चिकटून मागे वळतं. ओठ जाड आणि गोलसर असेल तर जास्तच. धारदार, पातळ ओठाची किटली घ्या, धार जोरात सोडा आणि थांबताना मनगट झटकन वर. आहे त्याच किटलीवर भागवायचं तर ओठाच्या खालच्या बाजूला बोटाने अगदी पुसट लोणी लावा. तिथे पाणी धरत नाही आणि थेंब कपातच पडतो. झाकणाला बारीक भोक आहे ना ते बघा. ते बुजलेलं असेल तर धार गचके देते. टाचणीने मोकळं करा.

बिनसाखर

भोक बुजलेलंच होतं. टाचणीने साफ केलं, आता धार एकसंध येते. थेंब मात्र अजून घसरतोय. लोणी काढतो.